थांबायची अट

कोणत्याही कार्याला उद्घाटन आणि समारोप अशी दोन टोके असतात. मधल्या भागाला कार्य म्हणतात, आणि वेळ उरल्यास तेही केले जाते. इंदापुरातल्या उन्हाळी बाल-प्रोग्रामिंग वर्गात वेळ उरला होता, त्यामुळे मुले बरेच काही शिकली. (आयोजकांचा यात काही दोष नाही.)

वर्गाचे अध्यक्ष विजयसिंह आबा. आबांनी आजवर संगणकाला बोट लावलेले नाही, म्हणूनच संगणकाविषयीचे त्यांचे मत निर्मळ आहे. "ऊस लावाय कुणीबी शिकवील. कोडिंग कोण शिकवणार?" असे म्हणून त्यांनी एका पतसंस्थेचे सभागृह मिळवले, कुठून कुठून संगणक गोळा केले आणि बारामतीहून सुधा मॅडमना बोलावले. मॅडम रोज एसटीने येत. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यावर आबांचा हात जोडलेला फोटो चिकटवला होता. मुलांच्या आज्ञेवर हलणारे पडद्यावरचे मांजर पळत पळत त्या कोपऱ्यात गेले की आबांच्या मागे नाहीसे होई. मुलांना आधी वाटले, आबाही प्रोग्राममध्येच आहेत.

या मुलांत पळसदेवची श्रेया होती. यंदा सहावीत जाणारी. पहिल्याच दिवशी तिने मांजराला 'गोल फिर' सांगितले आणि ते फिरतच राहिले, थेट वीज जाईपर्यंत. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायला सांगितलीस ना, तर कधी थांबायचं तेही सांगायचं. थांबायची अट नसली की संगणक बिचारा करतच राहतो." श्रेयाला हे इतके पटले, की ती जिथे तिथे थांबायची अट शोधू लागली. (आईच्या बोलण्यात ती तिला सापडली नाही.)

शेवटी तिने स्वतःचा प्रोग्राम केला. पडद्यावर उजनी धरणाचे पाणी. बटण दाबले की पाणी थोडे उतरते आणि बुडालेल्या देवळाचा कळस दिसतो. आणखी दाबले की शिखर. मग खांब, मग ओवरी. श्रेयाची आजी, द्वारकाबाई, धरण होण्याआधी लहानपणी त्याच देवळात खेळायची. कुठे काय होते हे तिनेच नातीला सांगितले होते. आता सगळे पाणी उतरल्यावर शेवटी काय होते, ते मात्र श्रेयाने कोणालाच, अगदी मॅडमनाही, दाखवले नव्हते. ते आजीसाठी राखून ठेवले होते. आजी समारोपाला येणार होती. फक्त साडेपाचच्या गाडीने तिला परत जायला हवे होते, कारण घरची म्हैस तिच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नाही.

समारोप तीनला होता, म्हणजे चारला सुरू झाला. पत्रिकेत क्रम स्वच्छ दिला होता: दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मुलांचे सादरीकरण, आभार.

सत्काराची आपली पद्धत अत्यंत तर्कशुद्ध आहे. जो येतो त्याचा सत्कार होतो. सत्कार करायला कोणीतरी मोठा माणूस लागतो. मोठ्या माणसाला नुसते राबवून खाली पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून मग त्याचाही सत्कार करावा लागतो, आणि तो करायला दुसरा मोठा माणूस लागतो. आपल्याकडे मोठ्या माणसांचा तुटवडा नाही, ही देवाची कृपा.

त्यानुसार आबांनी बारामतीचे पाहुणे रतनराव यांचा सत्कार केला. आबांचा सत्कार नीळकंठरावांनी केला. नीळकंठरावांचा दिग्विजयरावांनी केला, कारण दिग्विजयरावांचे नाव पत्रिकेत छापायचे राहून गेले होते आणि तेव्हापासून ते दाराशी उभे राहून मोबाइलवर मोठ्याने बोलत होते. शाली संपल्या तेव्हा पहिल्या शाली व्यासपीठामागून घडी होऊन परत आल्या. कोणाचाही मान कमी झाला नाही. टाळ्यांचे काम मुलांकडे होते.

"मॅडम," श्रेया कुजबुजली, "ह्याला थांबायची अट घातलीच न्हाय."

मॅडमना हसू फुटले, तेवढ्यात त्यांचे नाव पुकारले गेले. त्या गेल्या. (कोणीही जातो.)

मागच्या रांगेतून आजीने विचारले, "श्रेया, तुजं कवा गं?"

"आता हुईल, आज्जी."

पाच वाजता वीज गेली. श्रेयाला आशा वाटली, मांजर असेच थांबले होते. पण आबा दूरदृष्टीचे. त्यांनी जनरेटर आणून ठेवला होता आणि तो माइकला व व्यासपीठावरच्या पंख्यांना जोडला होता. संगणकांना जोडला नव्हता, कारण संगणकांना भाषण करायचे नव्हते.

मग श्रेया उठली आणि सरळ व्यासपीठावर गेली.

"आबा, माझी आज्जी साडेपाचच्या गाडीनं जाणार हाय. ती जायच्या आत तेवढं..."

आबा मनाने हळवे. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक ओढला. "मंडळी! एवढ्या उन्हाचं पळसदेवहून नातीसाठी आलेल्या द्वारकाबाई हितं बसल्यात, आणि आमचं ध्यान न्हाय! ह्या माऊलीचा सत्कार झाल्याबगर त्यांना आमी जाऊ देणार न्हाय!"

शाल, नारळ, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल, नारळ, फोटो. टाळ्या इतर कोणाहीपेक्षा जास्त पडल्या. त्यात श्रेयाच्याही होत्या.

गाडी हलताना आजी खिडकीतून म्हणाली, "लई झ्याक झाला बग कार्यक्रम. माज्या जल्मात कुणी शाल घातली न्हवती." आणि मग आठवून, "तुजं झालं न्हवं?"

"व्हय," श्रेया म्हणाली.

आजीला खूश करण्यासाठीच तर तिने सगळे केले होते, आणि आजी खूश होती. तरी रडू येत होते. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली, ते तिला सापडेना.

वीज सहाला आली. तोवर आभार झाले होते आणि संगणक टेम्पोत चढत होते. ज्याचे त्याला परत करायचे होते. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'चिमुकल्यांच्या प्रोग्रामिंगने उपस्थित भारावले'. फोटोत आबा, रतनराव आणि शालीचा काठ.

वाचक म्हणतील, काय ही माणसे, पोरीचे देऊळ राहिले ते राहिलेच. खरे आहे. पण पाणी सगळे उतरल्यावर त्या देवळात काय होत होते, हे आपल्याला तरी मध्येच कुठे आठवले? शाल कोणाची, कोणाकडे गेली, हे मात्र आपण मन लावून वाचलेत. असो, आता सांगतोच. पण आपण इतका वेळ शांतपणे बसून राहिलात, तेव्हा आधी आपला सत्कार. या, पुढे या.