साचेखात्यातलं वधूवर मंडळ

गिरणीचा संप लांबला आणि त्र्याऐंशी सालापर्यंत मुलुंडच्या एका चाळीत नोकर कुणी उरलाच नाही, सगळे मालक झाले. कुणी छत्र्या दुरुस्त करायचा, कुणी अगरबत्त्या वळायचा. काशीरामने पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ काढलं. या धंद्याला भांडवल लागत नाही, नुसतं तोंड लागतं, असं त्याचं म्हणणं.

अडचण तोंडाचीच होती. बावीस वर्षं साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय सुटत नसे. त्यात चाळीला भिंती तशा नावापुरत्याच. मुलाच्या टकलाचं आपल्यातच ठेवा, असं त्याने एका गिऱ्हाइकाच्या कानात सांगितलं, ते पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्यानेही ऐकलं. चार महिन्यांत एक लग्न जमलं नाही.

"गणपतीपर्यंत एक तरी लगीन जमवा," बायको रुक्मिणी म्हणाली, "नायतर मी पोरांका घेऊन गावाक जातंय."

श्रावणात हातात एकच स्थळ उरलं. मुलगी अनुपमा, बँकेत नोकरीला. मुलगा नंदकुमार, भांडुपच्या कारखान्यात फिटर. मुलगी बघायच्या दिवशी काशीराम गप्प बसायची शपथ घेऊनच गेला. पोहे आले. मुलाच्या आईने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नवऱ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. आणि खात्यात कुणी ओठ हलवले की उत्तर द्यायचं, हा बावीस वर्षांचा रिवाज.

"लग्नानंतर कशाला, वहिनी," काशीराम गरजला, "नोकरी सोडायला लावणार, ते आत्ताच सांगा ना."

मुलीचे वडील ताडकन उभे राहिले. मुलाची आई म्हणाली, मी चकार शब्द बोलले नाही. आणि ते खरंच होतं.

"आई, तिची नोकरी राहू दे," नंदकुमार बशी खाली ठेवत म्हणाला. "माझी कंपनी जूनपासून बंद आहे."

आईला हे नवीन होतं. ती रोज सकाळी त्याला डबा भरून देत होती.

"मग डबा घेऊन जाता कुठे?" अनुपमाने विचारलं.

"घाटकोपरला. मित्राकडे टीव्ही दुरुस्ती शिकतोय. रंगीत अजून जमत नाही."

अनुपमाला हसू आलं. आधी पाच मुलं येऊन गेली होती. आपल्याला काय जमत नाही ते एकानेही सांगितलं नव्हतं. तिने वडिलांना खाली बसायला सांगितलं.

लग्न जमलं. रुक्मिणीने बांधलेलं बोचकं सोडलं. पुढे मंडळाकडे स्थळ मागायला कुणी आलं नाही. मुलीकडचे यायचे, ते काशीरामला बघण्याच्या कार्यक्रमात नुसतं बसवायला न्यायचे. त्या मोसमात मुलुंडमधल्या वरमाया पोहे खाताना तोंडावर पदर धरू लागल्या. म्हाताऱ्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, जुनी मर्यादा परत आली.