कोरड्या डोळ्यांची मोजणी

मोजणीच्या कामात माझा हात धरेल असा माणूस आमच्या आरोग्य कार्यालयात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. उगाच विनय कशाला? बावीस वर्षांत मी डास मोजले, गोवर आलेली पोरं मोजली, कवळी लावणारे म्हातारे मोजले. कवळ्यांच्या वेळी तर एक आजोबा तीनदा तोंड मिटून बसले, तरी मी चौथ्यांदा त्यांना हसवून दात मोजलेच!

त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरबाई माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. योग्य माणसाकडे आल्या होत्या.

बाईंची अडचण अशी होती. दवाखान्याच्या बोळाच्या टोकाला एक खोली आहे, मोडक्या खुर्च्यांनी गच्च भरलेली. ज्यांच्या डोळ्यांत पाणीच पुरेसं तयार होत नाही, डोळे चुरचुरतात, लाल होतात, अशा लोकांसाठी बाई तीन वर्षं ती खोली मागत होत्या. तोवर ते बिचारे बोळात उभे राहून तपासून घ्यायचे. पण दवाखान्याच्या समितीला हा आजार आहे हेच पटेना. एका सदस्यांनी तर, त्यांना पाणी जास्त प्यायला सांगा, म्हणून विषय मिटवला होता. या खेपेला समितीने शेवटचं सांगितलं होतं: शंभरात किती जणांना हा त्रास आहे तो आकडा शुक्रवारी आणा. आकडा नगण्य निघाला, तर खोली कायमची सामानाला द्यायची.

"मला फुगवलेला आकडा नको आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. "खरा हवा."

"आकडा माझ्यावर सोडा आणि तुम्ही खोलीचे पडदे निवडा," मी म्हणालो.

तपासणी साधी होती. खालच्या पापणीच्या आत कागदाची एक बारीक पट्टी अडकवायची. पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं. मग पट्टी किती भिजली ते मोजायचं. दहा मिलिमीटरच्या आत भिजली तर डोळा कोरडा, पुढे गेली तर ठीक. वस्तीतल्या दर दहाव्या घरातून एकाला बोलवायचं, हेही ठरलं.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या दालनात चाळीस माणसं आली. दहा-दहाच्या रांगा केल्या, नर्सबाईंनी पट्ट्या लावल्या. पण डोळ्यात कागद म्हटल्यावर माणूस स्वस्थ बसतो होय? कोणी पाय हलवतंय, कोणी हात वर नेतंय. पहिल्या रांगेत एक ट्रकड्रायव्हर होता. झुबकेदार मिशांचा आडदांड माणूस तो, पण खुर्चीची दांडी सोडेना. पाच मिनिटं म्हणजे त्यांना पाच तास वाटत होते.

मी म्हटलं, यांचं मन रमवलं पाहिजे. आणि मन रमवायला माझ्या जिभेसारखं साधन दुसरं नाही, असं माझं तोवर प्रामाणिक मत होतं. मी त्यांना आमच्या मावशीच्या लंगड्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. मावशी दवाखान्यात भरती झाल्यावर तो कसा फाटकापाशी बसून राहिला, भाकरीच्या तुकड्याला कसं तोंड लावेना, आणि शेवटी मावशीची चप्पल उशाला घेऊन त्याने कसा प्राण सोडला. खरं सांगायचं तर कुत्रा अजून ठणठणीत आहे आणि जाडही झालाय. पण गोष्टीत त्याला मारल्याशिवाय रंग भरेना!

पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या, तर सगळ्या टोकापर्यंत चिंब! ट्रकड्रायव्हरची तर गळत होती. बाकीच्या तीन रांगांनाही मी तीच गोष्ट ऐकवली, वर प्रत्येक वेळी कुत्र्याचे हाल थोडे वाढवत गेलो. दिवसअखेर चाळिसांत कोरडे डोळे शून्य.

शेवटच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसत विचारलं, "भाऊ, पण मला रोज डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. संध्याकाळी सुईत दोरा ओवता येत नाही. मग हे काय?"

"ताई, मनाचे खेळ असतात," मी म्हणालो. "कागद खोटं बोलत नाही."

ताई पदर सावरून गेल्या. मी वहीत शून्य लिहून खाली दोन रेघा मारल्या.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, रडवल्यावर डोळे ओले होणारच की." मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी ताबडतोब पद्धत बदलली. दुःखाची गोष्ट वर्ज्य! मंगळवारी मी नव्या चाळीस जणांना माझ्या मेव्हण्याच्या गोष्टी सांगितल्या. हे गृहस्थ मुलगी बघायला म्हणून चुकून तिच्या शेजारच्या घरी गेले, तिथे पोटभर खाल्लं, मुलगी पसंत आहे म्हणून सांगून आले, आणि त्या घरात मुलगीच नव्हती. लोक पोट धरून हसले. एक पोस्टमन खुर्चीवरून खाली आला. हसता हसता सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पुन्हा चाळिसांत शून्य.

आता मात्र माझ्या लक्षात आलं. भानगड भावनांची होती. माणसाला हसूही येता कामा नये आणि रडूही येता कामा नये! असं एकच वाङ्मय मला माहीत होतं, ते म्हणजे आमच्या कार्यालयाची परिपत्रकं. बुधवारी मी 'टाचण्या व सुतळी यांच्या वापराबाबत सुधारित सूचना' हे अकरा पानी परिपत्रक खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तीन जण घोरायला लागले. झोपेत मान कलली की पट्टी निसटते, म्हणून मी सगळ्यांना डोळे सताड उघडे ठेवायला लावले आणि भिंतीवरचा मोठा पंखा त्यांच्या तोंडावर पूर्ण वेगात सोडला.

चाळीसच्या चाळीस कोरडे! कागद पापडासारखे कडक. मी आकडा घेऊन नाचतच बाईंकडे निघालो, तर त्या दारातच उभ्या होत्या. वाऱ्याने केस पिंजारलेले, डोळे लालभडक झालेले लोक रांगेने बाहेर पडत होते, ते त्यांनी पाहिलं. मग माझी वही पाहिली. शून्य, शून्य, चाळीस.

"तुम्ही आत काय करत होता?" त्यांनी विचारलं.

मी सविस्तर सांगितलं. कुत्रा, मेव्हणा, टाचण्या, पंखा, काही लपवलं नाही. बाई खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या की पट्ट्यांचा शेवटचा डबा उरलाय, शंभरांचा, वर चार सुट्या, आणि मधे एकच दिवस आहे. तीन वर्षं मागून मागून मिळालेली ही संधीही गेली, तर बोळात उभ्या राहणाऱ्यांना काय सांगायचं ते त्यांना कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी बाईंनी दालनाचा ताबा स्वतः घेतला. मला त्या बोळातल्या खोलीत पाठवलं, आतल्या मोडक्या खुर्च्या मोजायला, आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मी खुर्च्या मोजल्या. चौसष्ट. पुन्हा मोजल्या, तरी चौसष्ट. बाहेर पाच-पाच मिनिटांची शांतता पसरत होती आणि बोलायला माझी जीभ वळवळत होती.

दुपारी दार वाजलं. शिवणकामवाल्या ताई होत्या. बाईंनी त्यांना मोजणीबाहेर मुद्दाम बोलावून पुन्हा तपासलं होतं. त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. चार मिलिमीटर.

"घरचे म्हणायचे, काम टाळायला डोळे चोळते," त्या म्हणाल्या. "आता ही नेऊन दाखवते."

मी त्यांची माफी मागितली. एका वाक्यात, हे विशेष.

शुक्रवारी समितीपुढे बाईंनी चारही दिवसांचे आकडे ठेवले. तीन दिवसांचे झाकून ठेवा, असं मी सुचवलं होतं, पण बाई ऐकतील तर शपथ. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. मला ते वीसेक वर्षं ओळखतात. कितीतरी बैठकांत माझ्या शेजारी बसलेत.

"सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, बुधवारी सगळेच्या सगळे आणि गुरुवारी शंभरात एकतीस," ते म्हणाले. "यातला गुरुवारचाच आकडा खरा, हे आम्ही कशावरून मानायचं? त्या दिवशी असं काय बदललं?"

मी खुलासा तयार ठेवला होता, चाळीस मिनिटांचा. घसा साफ करून उठायला लागलो, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"यांना बाहेर ठेवलं होतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि खोली मंजूर केल्याची सही ठोकली. एकाही सदस्याने पुढे शंका काढली नाही! बावीस वर्षं मोजतोय मी, पण माझ्या एखाद्या मोजणीवर लोकांचा इतक्या झटकन विश्वास बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.