पंचांच्या बायकोचा ब्रेक

"लाल!" पंचांनी खिशातून कार्ड उपसलं आणि भाजी चिरता चिरता काकूंचा उजवा पाय धाडकन फरशीवर आपटला.

"उशीर झाला," पंच म्हणाले. "एवढ्यात समोरचा म्हातारा वर पोचला असता."

"कुठला म्हातारा? स्वयंपाकघरात तुम्ही एकटेच आहात!"

पंच म्हणजे काकूंचे यजमान. उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर शिट्ट्या फुंकण्यात गेलेला. माणूस निवृत्त झाला तरी लाल कार्ड काही निवृत्त झालं नव्हतं. मध्यंतरी काकूंना पक्षाघाताचा हलकासा झटका येऊन गेला. हात सावरला, जीभ तर दुसऱ्या दिवशीच सावरली. उजवा पाय तेवढा हुकूम ऐकायला जरा आढेवेढे घेई. डॉक्टरांनी बजावलं, की ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या बाईंनी, गाडी चालवण्याची तपासणी करून पास केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पंचांना गाडी येत नव्हती. आणि काकूंची थोरली बहीण गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, जिथे बसही फिरकत नाही, दर गुरुवारी वाटेकडे डोळे लावून बसलेली. नापास झाले तर ताई तुटली, ही काकूंची धास्ती.

म्हणून पंचांनी सराव मांडला. लाल दिसलं की पाय आपटायचा. काकू आंघोळ करून बाहेर आल्या, कार्ड! फोनवर बोलायला लागल्या, कार्ड! पाय आपटून आपटून खालच्या मजल्यावरच्या छताचे पोपडे पडले. तिथले शेजारी तक्रार घेऊन आले ते नेमके लाल शर्ट घालून; दार उघडताच काकूंनी असा पाय आपटला, की ते तक्रार विसरून जिना उतरले.

दवाखान्यातली परीक्षा सोपी गेली. समोरचा दिवा लाल झाला की खोटा ब्रेक दाबायचा. काकूंनी असा दाबला, की यंत्रच घसरत भिंतीला टेकलं.

"वा काकू! आता खऱ्या रस्त्यावर," थेरपिस्ट बाई म्हणाल्या.

काकू स्टिअरिंगवर, शेजारी ड्रायव्हिंगचे मास्तर, त्यांच्या पायाशी जादा ब्रेक, मागे बाई. वळण घेतलं आणि गाडी कचकन थांबली.

"काय झालं?" मास्तर काचेपर्यंत जाऊन परत आले.

"पोस्टाची पेटी," काकू पुटपुटल्या. "लाल आहे."

"ती काय रस्ता ओलांडणार होती?"

पुढे कुणाच्या गच्चीत लाल चादर वाळत होती. कचकन! मग समोर आली टोमॅटोची हातगाडी, आणि काकूंचं नशीब असं, की ती त्यांच्याच पुढे पुढे चाललेली. चार हात पुढे, कचकन. चार हात पुढे, कचकन! मागे भोंग्यांचा कल्लोळ. पायाला समजवावं तर पाय ऐकेना. तो आता पंचांचा झाला होता. मागच्या गाडीतला माणूस तणतणत खिडकीशी आला. गाडी जरा हलली होती तोच काकूंनी त्याचं संतापलेलं तोंड पाहिलं. तेही लालबुंद! कचकन!

"आई गं!" या वेळी मास्तर ओरडले. दर धक्क्याला पाय रोवून रोवून त्यांच्या पोटरीत असा वांब आला होता, की पाय सरळ होईना.

"बाई, तुम्ही चालवा गाडी," ते कण्हले.

मागून बारीक आवाज आला, "मला येत नाही."

"तुम्ही इतक्यांना पास-नापास करता आणि..."

"भीती वाटते हो मला!" बाईंना रडूच फुटलं.

आता आली का पंचाईत! काकूंनी एकदा कण्हणाऱ्या मास्तरांकडे पाहिलं, एकदा हुंदके देणाऱ्या बाईंकडे. दोन दोन लेकरं अंगावर पडल्यावर बाईमाणसाला स्वतःचं भ्यायला सवड कुठली?

"गप बसा दोघं," त्या म्हणाल्या. "काही होत नाही."

आणि सांगतो काय, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. हातगाडी ओलांडली, पुढे चौकातून गाडी परत फिरली, चादर मागे पडली, पेटी गेली. खऱ्या सिग्नलला मात्र गाडी अलगद थांबली.

दवाखान्याशी उतरताना काकूंनी विचारलं, "मग, पास ना?"

"येताना कशी चालवलीत ते मी पाहिलंच नाही," बाई ओशाळल्या. "डोळे मिटले होते."

"माझेही," मास्तर म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. बाईंना दया आली. "पुन्हा तपासणी घेऊ, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर. चालतं तसं. कुठे जाता तुम्ही?"

काकूंनी एक क्षणही दवडला नाही. "वृद्धाश्रमात. गुरुवारी."

गुरुवारी आश्रमाच्या फाटकाशी गाडी अलगद उभी राहिली. या खेपेला बाईंनी डोळे सताड उघडे ठेवले होते, त्यामुळे घाट, उतार, समोरून येणारे ट्रक, सगळं त्यांना दिसलं होतं. त्यांनी कशीबशी 'पास'वर सही केली. मास्तर दाराला धरून उतरले, बाई मास्तरांना धरून.

ताई काठी टेकत पुढे आल्या. बहिणीला पोटाशी धरलं, आणि तिच्या खांद्यावरून त्या दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलीस गं बाई," त्या कुजबुजल्या. "पण इथे सध्या एकच खाट रिकामी आहे. यांच्यातलं जास्त आजारी कोण?"