हिरवा पट्टा, निळा पट्टा

श्यामकांतरावांचं म्हणणं असं, की ते ज्या दाराशी बसतील तिथून वारासुद्धा विचारल्याशिवाय जात नाही. म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असताना त्यांनी खुद्द मोठ्या साहेबाला सिगारेटसकट गेटबाहेर काढलं होतं. त्यामुळे नव्वद साली निवृत्त झाल्यावर एका समाजसेवी संस्थेने त्यांना नीतिसमितीवर घेतलं, याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांच्या पत्नीला, कुंदाताईंना.

संस्थेची मालिनी मोरिवलीत सासुरवासाचा अभ्यास करत होती. बायकांना आधी विचारायचं, मगच बोलतं करायचं, आणि कोण बोललं ते कुणाला कळू द्यायचं नाही, हे समितीने पाहायचं. ‘न विचारता काही घ्यायचं नाही,’ असं श्यामकांतरावांनी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं आणि देखरेखीला जातीने निघाले. कुंदाताईंनी हातात पिशवी दिली, येताना मेथी आणा म्हणून.

मालिनीने बालवाडीची खोली मागून घेतली होती. पहिली आली वेणू. सासूला कळलं तर ती कायमची माहेरी धाडील, एवढं सांगून तिने चपला काढल्या आणि आत गेली. श्यामकांतरावांनी दार ओढून घेतलं आणि खुर्ची टाकून बसले.

आता मोरिवलीत भर दुपारी लावलेलं दार म्हणजे गावाला आमंत्रणच. आधी शेजारच्या घरातला जनू आला, त्याच्यामागून निम्मी आळी. आत कोण आहे, कशाला आहे, या सगळ्यांना श्यामकांतरावांचं एकच उत्तर, सांगता येणार नाही. त्याने गर्दी आणखी वाढली. तेवढ्यात समोरून वेणूची सासू मोतीबाई येताना दिसली, आणि श्यामकांतरावांना घाम फुटला. दाराचा बंदोबस्त चोख होता, पण खुर्चीमागे वेणूच्या चपला तशाच होत्या. एकीला हिरवा पट्टा, दुसरीला उल्हासनगरच्या बाजारात बदलून घेतलेला निळा. अशा चपला साऱ्या गावात एकीच्याच!

बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून ते वाकले आणि चपला पिशवीत सरकवल्या. जनूच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“बाईमानसाच्या चपला पिशवीत कनाला घातल्याव?”

“कुनाच्या हायत?” मोतीबाई पुढे झाली. “दाखवा. शिवरातीला देवलाभायेर माज्या पन गेल्यात.”

श्यामकांतरावांनी पिशवी पोटाशी धरली. एक नाव घेतलं असतं तर सुटका होती. पण वेणूला शब्द दिलेला होता. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. गलका ऐकून मालिनीने वेणूला मागच्या दाराने अनवाणी घालवलं आणि साहेब सज्जन आहेत म्हणून परोपरीने सांगितलं. सज्जन माणसांनाही अशी खोड असते, यावर गावाचं एकमत झालं. जनूने त्यांना थेट रस्त्याला लावून दिलं.

घरी कुंदाताईंनी पिशवी उपडी केली. मेथीऐवजी ओट्यावर चपला पडल्या.

“कुणाच्या?”

“नाव सांगता येणार नाही.”

कुंदाताईंनी चपला निरखून पाहिल्या. “तिने दिल्या?”

खोटं बोलणं श्यामकांतरावांना कधी जमलंच नाही. “नाही. न विचारता घेतल्या,” ते म्हणाले, आणि बैठकीतलं आपलंच वाक्य आठवून खाली बसले. त्या दिवसापासून कुंदाताई त्यांच्याशी मोजकं, तेही स्वयंपाकघरातूनच बोलू लागल्या.

पुढच्या आठवड्यात मालिनी बातमी घेऊन आली. वेणूने चपला घराच्या पायरीवरून गेल्या असं सांगितलं होतं. मोतीबाईने त्या चोरट्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला उल्हासनगरला नेऊन नव्या चपला घेऊन दिल्या. दोघी वाटेत भजीसुद्धा खाऊन आल्या.

श्यामकांतरावांना मनापासून आनंद झाला. हे सगळं कुंदाताईंना सांगता आलं असतं, तर फार बरं झालं असतं.