भिंग लावून चहा

मंडळी, एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? ज्याचा हात दगडासारखा स्थिर त्याच्यावर, की ज्याचा हात वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरतो त्याच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. माझं कपबश्यांचं दुकान आहे. लोकांचे हात बघण्यातच माझं आयुष्य गेलं. (खिशाकडे जाणारे जरा जास्त निरखून बघितले, ही गोष्ट वेगळी.)

माझ्या शेजारच्या दुकानातल्या घड्याळजींचे हात म्हणजे एक कोडं होतं. डोळ्याला ते काळं भिंग लावून बसले, की तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून अलगद जागेवर ठेवायचे. बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, पण त्यांचा हात हलायचा नाही. आणि हेच घड्याळजी चार माणसांत चहाचा कप उचलायचे तेव्हा बशी अशी काही वाजायची, की शाळा सुटली समजून माणसं उठायला लागायची.

डॉक्टरांनी तपासलं. नसा ठीक, रक्त ठीक. "लोक आपल्याकडे बघतायत ही भीती तुमच्या हातात उतरते," असं निदान झालं. घड्याळजींनी मान डोलावली, आणि डॉक्टर बघत होते म्हणून औषधाची चिठ्ठी खाली पाडली.

त्यांच्या घरात सहा कपांचा सेट सहाचा म्हणून कधी नांदला नाही. त्यांच्या थरथरीवर मी दुकानाचा वरचा मजला चढवला, असं लोक म्हणतात. शुद्ध अतिशयोक्ती. फक्त जिना.

तर घड्याळजींच्या मुलीने स्वतःचा जोडीदार स्वतःच निवडला. मुलगा गुणी, हसरा. पण त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खा गाव तिला 'बाई' म्हणायचा. अख्ख्या गावात तिचा सख्खा मुलगाही आला. बाईंचं एक तत्त्व होतं: ज्या घरात पुरुष पाहुण्याला स्वतःच्या हाताने चहा देत नाही, त्या घराशी सोयरीक नाही. त्यांच्या यजमानांनी जन्मात रिकामा कपसुद्धा उचलून ठेवला नव्हता, त्याचा हा सूड.

"आणि मी सांगितलं, आमच्याकडे बाबाच चहा देतात," मुलगी ओठ चावत म्हणाली. "तोंडातून निघून गेलं."

"रोज देतात म्हणालीस?" घड्याळजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विचारलं.

"रोज."

"रोज फोडतात म्हणायचं होतंस. निम्मं तरी खरं झालं असतं. अहो, त्यापेक्षा सरळ सांगून टाका ना, हात कापतो म्हणून!"

"आणि त्यांना वाटलं, बाप पिऊन बसलाय, तर?" घड्याळजी म्हणाले. "सगळ्यांना तेच वाटतं. मागे बँकेतल्या माणसाने माझं तोंड हुंगलं होतं."

यावर कोणी हसलं नाही. मुलगी तर मुळीच नाही. लग्न मोडलं तर ते बाबांच्या हातून मोडेल, आणि ते बाबांना जन्मभर पुरेल, हे तिला कळत होतं.

त्यांची ही पडलेली तोंडं बघून मी एक छोटासा सल्ला दिला. "घड्याळजी, दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा हात कापतो?"

"नाही. भिंग लावलं की माणसं दिसतच नाहीत. बोटभर अंतरापलीकडे नुसतं धुकं."

"मग चहाही भिंग लावूनच द्या की!"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, जसं दुधाकडे मांजर नव्हे, मांजराकडे दूध बघेल तसं. पण दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता. (सल्ला माझा. नवा सेटही माझ्याच दुकानातला. रोखीने.)

बाई आल्या. पाठ ताठ, मनगटावर लहानसं घड्याळ, नजर अशी की भिंतीवरचं कॅलेंडरही सरळ व्हावं. शेजारी त्यांचा मुलगा, समोर वहिनी आणि मुलगी, आणि कोपऱ्यात मी, 'घरच्यासारखा' म्हणून.

आतून घड्याळजी ट्रे घेऊन निघाले. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यात भिंग. खरं सांगतो, एक बशी वाजली नाही! पायाखाली काय आहे ते मात्र त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी दाराच्या चौकटीला "माफ करा" म्हटलं, खुर्चीला वळसा घातला, आणि ट्रे टेबलावर असा टेकवला जसं झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं. मग किटली उचलून नाक कपाला टेकेपर्यंत वाकले आणि ओतू लागले.

"हे काय बघतायत?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"चहा," वहिनी म्हणाल्या.

"त्यात काही पडलंय का?"

"नाही, नाही. ते... ते मनापासून ओततात."

घड्याळजी मात्र सुखात होते. भिंगाच्या गोल जगात फक्त कपाची सोनेरी कड आणि चहाची धार. ना बाई, ना सोयरीक. पहिला कप काठोकाठ, थेंब सांडला नाही. कप घ्यायला बाईंनी हात पुढे केला. आणि इथे घात झाला. धुक्यातून भिंगासमोर काय आलं, तर मनगट, आणि मनगटावर घड्याळ! चाळीस वर्षांची सवय. घड्याळजींनी ते मनगट पकडलं, जवळ ओढलं, कानाला लावलं.

"मागे पडतंय," ते म्हणाले. भिंग लावलं की त्यांच्या आवाजालाही धार यायची.

बाईंची पाठ आणखी ताठ झाली.

"काय म्हणालात?"

"घड्याळ मागे पडतंय. सर्व्हिसिंग केलेलं नाही. तुम्ही आज उशिरा आलात."

"मी," बाई एकेक अक्षर फळ्यावर लिहावं तसं म्हणाल्या, "उभ्या आयुष्यात कधीही, कुठेही, उशिरा पोचलेली नाही."

"पोचला असाल. घड्याळाने सांगितलं नसेल."

मुलीने डोळे झाकले. बाईंचा मुलगा खोकला, पण तो खोकला नव्हता.

"आणि मी चहासाठी हात पुढे केला होता," बाई कडाडल्या, "नाडी दाखवायला नाही!"

तो आवाज कोणाचा, हे घड्याळजींच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांच्या भुवया टणकन वर गेल्या. आणि भुवया वर गेल्या की भिंग सुटतं. ते सुटलं, आणि डुबुक करून बाईंच्या कपात पडलं.

धुकं गेलं. समोर पाच माणसं, दहा डोळे. घड्याळजींचा हात थरथरू लागला. त्या हातात अजून बाईंचं मनगट होतं, त्यामुळे बाईंच्या बांगड्याही वाजू लागल्या. ते मनगट सोडून त्यांनी हात पाठीमागे लपवले.

"मी पीत नाही," ते पुटपुटले. "हात कापतात. लोक बघायला लागले की कापतात. लहानपणापासून. मुलीने उगाच सांगितलं. म्हणजे, चहा मी देतो, पण कोणी बघत नसेल तेव्हा. तिचा दोष नाही."

बाईंनी कपातून चमच्याने भिंग काढलं, रुमालाने पुसलं आणि बशीत ठेवलं.

"माझ्यासमोर उभं राहून कापणारी किती मुलं बघितली मी," त्या म्हणाल्या. "थापा मारणाऱ्यांचे हात कधी कापत नव्हते. ते तर माझ्या डोळ्यांत डोळे घालून थापा मारायचे. हाही त्यांतलाच." हा म्हणजे त्यांचा मुलगा. "लोकांनी बघितलं की कापतो ना हात? मग लोकांनी बघू नये. सोपं आहे. सगळे उठा! भिंतीकडे तोंड करा!"

उठलो की! कोणाची हिंमत होती? वहिनी, मुलगी, होणारा जावई, मी, आणि रांगेच्या टोकाला खुद्द बाई.

घड्याळजी उभे राहिले. समोर पाठींची एक रांग. माणसांच्या पाठी इतक्या देखण्या असतात, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. (हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.) मधोमध मुलीची पाठ गदगदत होती. रडतेय की काय, म्हणून ते जरा वाकले. ती हसत होती. मग त्यांनाही हसू आलं. किटली उचलली. बिनभिंगाचा, उघड्या डोळ्यांचा चहा, कपामागून कप. आम्हाला भिंतीकडून फक्त धार ऐकू येत होती.

"झाला," ते म्हणाले.

"घड्याळ तुमच्याकडे ठेवते," भिंतीकडे तोंड ठेवूनच बाई म्हणाल्या. "दुरुस्त झालं की मुलीबरोबर पाठवा. तिला आता आमच्याकडे येणं-जाणं करायचंच आहे."

वहिनींनी पदराला डोळे पुसले. मीही टाळी वाजवणार, तेवढ्यात बाई वळल्या.

"तुम्ही. कोपऱ्यातले. ते भिंगाचं डोकं कोणाचं?"

"म... माझं."

"वाटलंच. उचला ट्रे, द्या सगळ्यांना."

आता मी चौथीतून शाळेच्या मागच्या भिंतीवरून जो पळालो, तो पुन्हा कधी कुठल्या मास्तरणीच्या समोर उभा राहिलेलो नाही. पुढचं जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. ट्रे उचलला. बाई बघत होत्या. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली, म्हटलं कुठे वाजतेय? माझ्याच हातात वाजत होती. पुढचा आवाज मात्र घंटेचा नव्हता.

"राहू द्या हो, भावजी," वहिनी प्रेमाने म्हणाल्या. "होतं असं. सवय आहे आम्हाला."

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच दुकानातून, माझ्याच दराने, त्यांच्यासाठी नवा सेट घेतला. अर्धा तास घासाघीस केली. मालक एका पैशानेही हलला नाही.

तर मंडळी, गावात ही गोष्ट तुम्हाला वेगळी ऐकायला मिळेल. घड्याळजींनी सोयरिकीच्या दिवशी सेट फोडला म्हणतील. तेव्हा एवढं करा, हिशेब प्रामाणिक ठेवा. त्या दिवसाची एक बशीसुद्धा घड्याळजींच्या नावावर मांडू नका. सगळा सेट माझ्या नावावर लिहा. किटलीसकट.