रिव्हर्सचा दिवा

श्रीपतीने गाडी मागे घेतली आणि वहिनीने अंगणात वाळत घातलेल्या कुरडया चाकाखाली गेल्या, तेव्हा भर दुपारचं ऊन होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या अपघातावर उपाय म्हणून त्याने गाडीला मागचा दिवा बसवला.

गाडी म्हणजे चार जाड चाकांची एटीव्ही. कुसगावात सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना ती डोंगराच्या पायथ्याने चिखलातून फिरवायची, हा श्रीपतीचा धंदा. कुरडया होत्या पुतणीच्या, तेजलच्या लग्नाच्या रुखवतातल्या. थोरला भाऊ गेल्यापासून भागुबाई वहिनी एकटीने लेकीच्या लग्नाची तयारी करत होती. तिने चुरा झाडून कोंबड्यांना टाकला आणि त्या दिवसापासून श्रीपतीशी फक्त त्याच्या बायकोमार्फत बोलू लागली. "शालन, भावजींना म्हनावं, जेवून घ्या." भावजी समोरच बसलेले असायचे.

"चुकलं म्हना आन् मोकळं व्हा," शालन म्हणाली.

"म्हनतो की. आधी दिवा बसवतो. मागं दिवा न्हवता म्हनून तर झालं."

"दुपारी?"

श्रीपती वायर सोलत राहिला. माफी मागण्यापेक्षा वायरी जोडणं त्याला सोपं वाटत होतं.

लोणावळ्याच्या बाजारातून आणलेला दिवा चांगलाच लख्ख होता. हँडलजवळ दोन बारके दिवे होते, हिरवा न्यूट्रलचा आणि लाल रिव्हर्सचा. श्रीपतीने नवी वायर नेमकी हिरव्याला जोडली. मग गाडी रिव्हर्समध्ये टाकून बघितली. उतरताना सवयीने न्यूट्रल केली आणि मागे जाऊन पाहिलं, तर दिवा पेटलेला. तीनदा पाहिलं, तिन्हीदा पेटलेला. त्याचं समाधान झालं. आता हळद झाली की वहिनीशी बोलायचं, असं त्याने ठरवलं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, म्हणून त्याने दुपारीच गाडी बाहेर बोळात लावली. इंजिन बंद करून हँडब्रेक लावला, पण गडबडीत चावी फिरवायची राहिली. गाडी न्यूट्रलमध्ये, मागचा दिवा ढणढण पेटलेला. दिवेलागणीला वराळ्याहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन दोन जीपांतून आली.

पुढच्या जीपच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला. "थांबा, म्होरली गाडी मागं येतीय."

"मग आपन जरा मागं घ्या," नवऱ्याचे मामा कोंडाजी म्हणाले.

जीप मागे गेली. तिच्या मागची जीपही मागे गेली. एटीव्ही जागची हलली नाही आणि दिवाही विझला नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला, वाट पाहिली आणि आणखी थोडं मागे घेतलं. असं करत करत दोन्ही जीपा पार रस्त्याला लागल्या.

"पाव्हनं दारात आल्यावर यांनी गाडी आमच्या अंगावर घालायची?" कोंडाजी मामांचा आवाज चढला. "आमी परत जावं आसं म्हननं हाय का?"

इकडे मांडवातून कुणीतरी पाहिलं आणि आत बातमी दिली, "वऱ्हाड परत चाललंय."

भागुबाई हातातलं ताट तसंच टाकून धावली. तिच्यामागे श्रीपती. त्याने स्टार्टर दाबला, पण त्या लख्ख दिव्याने बॅटरी पिऊन टाकली होती. गाडीने नुसतं टक् केलं. बोळ चढाचा, गाडी जड. शेवटी श्रीपती, भागुबाई आणि जीपमधून उतरून आलेले, नव्या धोतरातले कोंडाजी मामा अशा तिघांनी रेटून ती बाजूच्या पडवीत ढकलली. मामांच्या धोतराला ग्रीसचा लांबलचक पट्टा लागला.

धापा टाकत श्रीपतीने वहिनीकडे पाहिलं. पोरीचं लग्न मोडतंय की काय, या धास्तीने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला भडभडून आलं. आपण हे महिनाभर उगाच लांबवलं, असं वाटलं. आणि इतके दिवस राहून गेलेलं शेवटी बाहेर आलं.

"माजं चुकलं," तो हात जोडून म्हणाला. "लय चुकलं. त्याच दिवशी म्हनायला पायजे व्हतं."

कोंडाजी मामा मध्येच उभे होते. त्यांनी ते हात आपल्या हातात घेतले.

"आसू द्या, पाव्हनं. येवडं मनाला लावून घेऊ नका. आमी बी जास्त बोललो."

त्यांनी श्रीपतीला मिठी मारली. ग्रीसचा पट्टा श्रीपतीच्या सदऱ्यावरही उमटला. जीपा बोळात आल्या, हळद आली, बायकांनी गाणी धरली. 'त्याच दिवशी' म्हणजे कुठल्या, हे कुणी विचारलं नाही.

पंगतीत भागुबाई वाढत वाढत त्याच्यापाशी आली. आज मध्ये शालन नव्हती.

"बरं केलंत भावजी," ती हळूच म्हणाली. "मामांची माफी मागितलीत. येळेवर नमतं घेतलंत, म्हनून निभावलं."

श्रीपतीचा घास हातातच राहिला. ती माफी मामांची नव्हतीच. ते आता सांगायचं, तर महिनाभराने ती आपणहून बोललेले हे चार शब्दही परत करावे लागणार होते.

"वहिनी, ते..."

"भात वाढू?"

त्याने पानात भाताला जागा केली. मागे पंगत खोळंबली होती.

"वाढा," श्रीपती म्हणाला.