बाईसाहेब कोणाचं ऐकतात

घोड्याला माणसाचं मन कळतं. स्वाराच्या मनात विचार उमटायचा अवकाश, तो घोड्याच्या पायांत उतरलेला असतो. त्यासाठी ओरडावं लागत नाही, चाबूक लागत नाही. लागतो तो फक्त अधिकार, आणि तो अंगातच असावा लागतो!

हे विचार अधीक्षकांचे. दोन वर्षं ते मांडत होते. घर आणि ऑफिस मिळून एकानेही ते शेवटपर्यंत ऐकून घेतले नव्हते, हा भाग वेगळा.

अधीक्षक म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचे. वय बावन्न. हाताखाली अकरा माणसं. "ती खिडकी जरा लावून घ्या," असं ते म्हणाले की अकराही जण छताकडे बघत, जणू आवाज पंख्यातून आला. घरी "टीव्ही हळू करा" म्हटलं की कॉलेजात जाणारी लेक ओरडून विचारी, "बाबा, काही म्हणालात का? टीव्हीमुळे ऐकू नाही आलं!"

अशा माणसाने पन्नाशीत घोडेस्वारी का सुरू करावी? डॉक्टरांना सांगितलं, पाठीसाठी. खरं कारण त्यांना पहिल्याच रविवारी सापडलं. घोडीवर बसून त्यांनी मनात 'चाल' म्हटलं, टाच हलकेच दाबली, आणि पाचशे किलोंचं ते जनावर निमूट चालू लागलं! 'दुडकी' मनात आणली, तर दुडकी! 'थांब', तर थांबली! घरी परतताना अधीक्षकांचे डोळे भरून आले होते. बायकोला त्यांनी धूळ गेल्याचं सांगितलं.

घोडी तांबूस, उंच, कपाळावर पांढरा ठिपका, वयाने पोक्त. पागेत तिला सगळे बाईसाहेब म्हणत. अकराच्या ठोक्याला तिला दाणा लागे, बाकी कसली कटकट नाही. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. चहाचा पेला घेऊन रिंगणाच्या मधोमध उभे राहत आणि तिथून हुकूम सोडत. आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबे. बायको कुंपणाशी बाकावर विणकाम घेऊन बसे. घर मोजे घालून थकलं, तरी तिचं विणकाम चालूच होतं.

चौथ्या रविवारी तिने गाडीत विषय काढला होता.

"अहो, मी काय म्हणते, ती घोडी ना, सरांचं..."

"रिकीब!" अधीक्षक म्हणाले. "उजव्या पायाची रिकीब आज एक भोक लांब होती. तरी कशी वागली बघितलंस?"

"बघितलं. तेच सांगतेय. सर 'दुडकी' म्हणाले की..."

"सर काय, बोलतच असतात."

विषय मिटला.

यंदा त्यांनी स्पर्धेत उतरायचं ठरवलं. उड्याबिड्या नाहीत, चालींची परीक्षा. आखलेल्या चौकोनात ठरलेल्या अक्षरापाशी चाल, ठरलेल्या अक्षरापाशी दुडकी, मग गोल, मग दौड. स्वाराने चकार शब्द काढायचा नाही, जीभ टाळ्याला लावून 'टक' केलं तरी गुण जातात. अधीक्षकांना हा नियम फार आवडला. तो आपल्यासाठीच केलाय असं त्यांना वाटलं.

पाठांतर दिवाणखान्यात सुरू झालं. सोफ्यावर 'क' चिकटवला, फ्रिजवर 'ट', टीव्हीवर 'म'. जेवणं झाली की अधीक्षक उंच बूट घालून दुडकत. खालचे शेजारी वर येऊन विचारून गेले, घर बदलताय का?

"बाबा," लेक सोफ्यावरून म्हणाली, "दुडकी फ्रिजपाशी संपते. तुम्ही बेसिनपर्यंत गेलात."

"घोडीला थांबायला अंतर लागतं."

"घोडी कुठाय पण?"

"नियमात लिहिलंय," बायको कागद वाचत म्हणाली, "एका माणसाने बाहेर उभं राहून पुढची कृती मोठ्याने वाचलेली चालते. मी वाचू का? ती बिचारी..."

"मला सगळं पाठ आहे!"

"तुम्हाला आहे हो. मी तिचं म्हणतेय."

"हं," अधीक्षक म्हणाले आणि 'म'कडे वळले.

सरांनीही एकदा सुचवून पाहिलं. "साहेब, एकदा मी तोंड मिटून बसतो. तुम्ही एकटे करून बघा."

"कशाला? उगीच तिला दमवायचं!"

"ऐकताय ना मी काय म्हणतोय ते?"

"हो, हो."

स्पर्धेच्या सकाळी अधीक्षकांनी हाताखालच्या अकराही जणांना बोलावलं होतं. आले चार, पण आले. लेक आली. बायको विणकामासकट आली. एका जिवंत प्राण्याने आपलं ऐकलेलं या सगळ्यांना एकदा दाखवायचं, मग निवृत्तीपर्यंत खिडकी उघडी राहिली तरी चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

फाटकाशी सर सवयीने म्हणाले, "चला, चाल!" बाईसाहेब दिमाखात आत शिरल्या. सरळ रेषेत मधोमध गेल्या आणि थांबल्या. एका खुरानेही चूक नाही. कारण मधोमध रोज सर उभे असतात. अधीक्षकांनी परीक्षकांना मान लवून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथून पुढे दुडकी होती.

अधीक्षकांनी मनात 'दुडकी' म्हटलं. टाच दाबली. मग ठळक अक्षरात 'दुडकी' म्हटलं. टाच अशी दाबली की पोटरीत गोळा आला. बाईसाहेबांनी शेपटीने एक माशी उडवली. अधीक्षक कपाळापासून मानेपर्यंत लाल झाले. चार जणांपैकी एकाने छताकडे बघायचा प्रयत्न केला, पण मैदानाला छत नव्हतं.

शेजारच्या रिंगणात दहा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा चालू होती. तिथला कर्णा तेवढ्यात खणखणला, "आता सगळ्यांनी दुडकी!"

बाईसाहेब निघाल्या! मान कमानदार, पावलं घड्याळासारखी! अधीक्षकांना वाटलं, पोहोचला! विचार उशिरा पोहोचला, पण पोहोचला! ते पहिल्या गोलाकडे वळणार, तोच कर्णा म्हणाला, "दिशा बदला!" आणि बाईसाहेब अधीक्षकांच्या उलट दिशेने वळल्या. अधीक्षक दौड मनात आणत होते तेव्हा कर्ण्याने "थांब!" म्हटलं. ते थांबवायला बघत होते तेव्हा "दौड!" म्हटलं. लगाम, टाच, विनवणी, कशाचा उपयोग नव्हता. अर्धं मिनिट तर त्यांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांच्या शेजारचा लेखनिक लिहायचं सोडून उभा राहून बघत होता.

"शाब्बास! आता सगळ्यांनी माझ्यासमोर रांगेत या!" कर्णा म्हणाला.

चौकोनाभोवती गुडघाभर उंचीची पांढरी फळी होती. बाईसाहेबांनी ती सहज ओलांडली, मैदान पार केलं आणि दोन तट्टांच्या मधल्या जागेत जाऊन नीट, सरळ उभ्या राहिल्या. त्या तट्टांमध्ये त्या अशा दिसत होत्या, जसं बालवाडीच्या बाकावर बसलेलं कपाट.

शेजारच्या तट्टावर दोन वेण्यांची मुलगी होती. तिने बरंच वर बघितलं.

"काका, तुम्ही कितवीत आहात?"

"मी अधीक्षक आहे."

"ते कितवीनंतर येतं?"

तेवढ्यात मुलांच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. जुन्या वळणाच्या, आधी घोडा बघायचा, मग माणूस. खालच्या मानेने त्या पाय बघत बघत आल्या, बाईसाहेबांपाशी थांबल्या. "वा! काय ऐकते!" म्हणत त्यांनी लगामाला चौथ्या क्रमांकाची हिरवी फीत अडकवली. मग वर बघितलं.

अधीक्षकांच्या परीक्षेचा कागद दुपारी मिळाला. 'थांबणे' या रकान्यात दहापैकी आठ होते. बाकी रकाने कोरे. तळाशी परीक्षकांनी लिहिलं होतं, 'घोडी अत्यंत आज्ञाधारक. कोणाची, हे कळले नाही.'

परतताना गाडीत मागे लेक खिडकीकडे तोंड करून, खांदे हलवत हसू दाबत होती.

"ती सरांचा आवाज ऐकून चालते, हे तुला ठाऊक होतं," शेवटी अधीक्षक म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. एकदा तुम्ही रिकिबीवर बोलत होतात. मग 'सर काय, बोलतच असतात' म्हणालात. परवा कागद वाचताना सांगितलं, तर 'हं' म्हणालात. मला वाटलं, ऐकलंत."

अधीक्षकांनी या वेळी 'हं' म्हटलं नाही. तोंडाशी आलेलं गिळलं.

सोमवारी ऑफिसात त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला हाक मारली. आवाज न चढवता विचारलं, "ती खिडकी तुम्ही लोक लावत का नाही हो?"

"साहेब, तिची वरची खिट्टी तुटलीय. लावली की पंख्याच्या वाऱ्याने उघडते. तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, दुरुस्तीच्या कागदावर तुमची सही हवी म्हणून."

"मी काय म्हणालो?"

कारकुनाने इकडे तिकडे बघितलं. "हं म्हणालात."

अधीक्षकांनी वर बघितलं. पंख्याच्या मागे तुटकी खिट्टी लोंबत होती. अकरा माणसं तीन वर्षं त्यांना ती दाखवत होती.

पुढच्या रविवारी सरांना त्यांनी आपण होऊन बाकावर बसवलं, बायकोच्या शेजारी. "एक शब्द बोलू नका. तुम्ही सुचवलं होतंत ना, ते आज करून बघतो," असं हसून म्हणाले आणि घोडीवर बसले. बाईसाहेब मधोमध उभ्या. या वेळी त्यांनी मनात काहीच म्हटलं नाही. नुसते बसून राहिले. दहा मिनिटांनी त्यांना खोगिराखाली तिचा श्वास कळायला लागला. वीस मिनिटांनी कळलं, की आपण टाच दाबतो तेव्हा त्याच वेळी लगामही ओढतो. पुढे जा आणि थांब, दोन्ही एकदम. दोन वर्षं. बिचारीने ऐकायचं तरी काय?

त्यांनी हात सैल सोडला. बाईसाहेबांचा डावा कान हळूच मागे वळला, त्यांच्याकडे. तो कान एरवी नेहमी सरांकडे असे. अधीक्षकांनी श्वास रोखून टाच अगदी हलकी टेकवली.

आणि बाईसाहेब चालल्या! सरळ, शांत, लांब पावलं टाकत, पागेच्या दिशेने!

"चालली!" अधीक्षक अगदी लहान मुलासारखे ओरडले. "अगं, बघितलंस का? कोणी काही बोललं नाही! चालली!"

बायकोने सुया खाली ठेवल्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा उचलल्या.

अकरा वाजले होते.